गोळी घरात आली, धीर कधी येणार?



या पानावर आपण कधी बोंडअळीवर बोलतो, कधी पाणंद रस्त्यावर, तर कधी पीक विम्याच्या पैशांवर. आजचा विषय जरा अवघड आहे. त्याचे नाव गावात मोठ्याने कुणी घेत नाही. घ्यायची वेळ आलीच तर आवाज खाली जातो आणि ‘तो आजार’ एवढेच शब्द बाहेर पडतात. होय, एचआयव्हीबद्दलच बोलतोय. पण तो रक्तात काय करतो हे आज सांगायचे नाही. तो मनात काय करतो आणि त्यात गावाचा हात किती, हे सांगायचे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. या आजाराची गोळी गावापर्यंत पोचली. फुकट पोचली, चांगली पोचली. पण ती गिळायला जे मन लागते त्याची काळजी कुणी घेतली नाही. त्यामुळे औषध असूनही माणसे खचतात, गोळ्या सोडतात आणि हकनाक जातात. हे थांबवता येते, आणि बरेचसे गावातच थांबवता येते.

आधी जरा मागचा हिशेब पाहू. आपल्या देशात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत झाली. पुढची दहा-पंधरा वर्षे आपल्या गावात औषध नव्हते, फक्त भीती होती. दवाखान्याच्या भिंतीवर कवटीचे चित्र, बाजाराच्या दिवशी कर्ण्यावरून ‘एड्स म्हणजे मृत्यू’ अशी घोषणा. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याचा उपचार जगात आला, पण त्याची किंमत ऐकूनच माणूस आडवा व्हायचा. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने वर्षाला साडेतीनशे डॉलरमध्ये ही औषधे द्यायची तयारी दाखवली, तेव्हा कुठे भाव खाली आले. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटीची औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. २०१७ पासून तपासणीत एचआयव्ही निघाला की पेशी किती आहेत याची वाट न बघता लगेच उपचार, असे धोरण आले. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते.

आणखी एक गोष्ट झाली आहे, ती मात्र गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. नियमित गोळी घेणाऱ्याच्या रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडतच नाही. अशा माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे कुणा एकाचे मत नव्हे, हजारो जोडप्यांवर वर्षानुवर्षे झालेल्या अभ्यासांतून सिद्ध झालेली गोष्ट आहे. वेळेत उपचार सुरू केलेला माणूस इतरांइतकेच आयुष्य जगू शकतो. नांगर धरू शकतो, नातवंडे खेळवू शकतो.

म्हणजे औषध बदलले, आजार बदलला. पण भिंतीवरची कवटी पुसली गेली तरी डोक्यातली तशीच राहिली.

खचलेल्या मनाचा हिशेब

कल्पना करा. पस्तिशीचा शेतकरी आहे. दोन एकर कोरडवाहू, सोसायटीचे कर्ज, घरात म्हातारी आई. तालुक्याला रक्त तपासले आणि चिठ्ठी हातात पडली. समुपदेशक बाईंनी समजावून सांगितले, पण पहिल्या वाक्यानंतरचे त्याला काही ऐकूच आले नाही. एसटीत बसून घरी येताना त्याच्या डोक्यात चार प्रश्न. बायकोला काय सांगू? पोरांचे काय? गावात कळले तर? आणि चौथा, जो तो कुणालाच सांगणार नाही: आता जगून काय करायचे?

असा धक्का बसणे साहजिक आहे. दुःख होणे म्हणजे आजार नव्हे. घरात कुणी गेले, गारपिटीत बाग आडवी झाली, तर माणूस रडतो, पंधरा दिवस जेवत नाही, मग हळूहळू उभा राहतो. पण काहींचे मन उभे राहत नाही. महिने जातात आणि अंधार हटत नाही. याला डॉक्टर ‘डिप्रेशन’ म्हणतात, आपण औदासीन्य किंवा नैराश्य म्हणू. एचआयव्ही असलेल्यांत ते इतरांच्या जवळपास दुप्पट आढळते, असे अभ्यासांतून दिसले आहे.

ते केवळ चिठ्ठी मिळाल्यावरच येते असेही नाही. जोडीदार गेल्यावर येते. मुलगी लग्नाची झाल्यावर येते, कारण पाहुणे चौकशी करतील. पोरगा मोठा होऊन ‘आई, तू रोज कसली गोळी घेतेस?’ असे विचारतो, त्या दिवशी येते. दहा वर्षे ठणठणीत असलेल्या माणसालाही दुष्काळाच्या वर्षी येते, कारण तोही शेतकरीच आहे आणि सावकार त्याला आजाराची सूट देत नाही.

गोळी चुकते ती इथे

तुम्ही म्हणाल, मनाचे काय एवढे? गोळी चालू आहे ना? अहो, नेमकी तीच चालू राहत नाही. ज्याला सकाळी उठून तोंड धुवावेसे वाटत नाही, तो वेळेवर गोळी कशी घेणार? ‘घेऊन तरी काय उपयोग’ असे एकदा मनाने घेतले की आज एक चुकते, उद्या दोन, मग केंद्राची तारीख चुकते. इकडे रक्तातला विषाणू पुन्हा डोके वर काढतो आणि औषधाला दाद न देण्याची विद्या शिकतो. ताकद कमी झाली की टीबी दाराशी उभाच असतो. मग गावात म्हणतात, ‘बघा, त्या आजारानं गेला.’ बरेचदा तो त्या आजाराने जात नाही, मन मोडल्याने जातो.

खचलेले मन ओळखायचे कसे? सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, मन उदास राहणे आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न वाटणे, या दोन मुख्य खुणा. त्यांच्या जोडीला पहाटे तीनला डोळा उघडून पुन्हा न लागणे, घास गोड न लागणे, साध्या कामाला अंग न उचलणे, ‘मी सगळ्यांवर ओझं आहे’ असे सारखे वाटणे, आणि मरणाचे विचार. आपल्याकडे माणूस ‘मी उदास आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘डोकं जड झालंय’, ‘छातीत धडधडतं’, ‘अंगात त्राण नाही’. बांधावर बसून तासन् तास एकाच ठिकाणी बघत राहतो. गोठ्यात जनावर हंबरते आणि त्याला वैरण टाकायचे भान नसते.

एक खबरदारी मात्र घ्या. थकवा आणि वजन घटणे हे टीबीचे, रक्त कमी असल्याचे किंवा एचआयव्ही वाढल्याचेही लक्षण असू शकते. म्हणून सगळे मनावर ढकलू नका, आधी तपासून घ्या. औषधाचाही हात असू शकतो. पूर्वीच्या उपचारात इफाविरेंझ नावाची गोळी असायची. तिने काहींना भयानक स्वप्ने पडायची, चक्कर यायची, मन बिघडायचे. आता तिच्या जागी डोलुटेग्रावीर आली. ती बहुतेकांना चांगली मानवते, तरी थोड्यांची झोप उडते किंवा मन खाली जाते. असे झाले तर केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा. ते वेळ बदलतील, नाहीतर औषध बदलतील. आपल्या मनाने गोळी बंद करणे हा मात्र उपाय नव्हे.

मग करायचे काय?

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांच्याशी थोडे सरळ बोलतो. हे पान तुमच्या हातात कसे आले ते मला माहीत नाही आणि कुणाला सांगायचीही गरज नाही.

पहिली गोष्ट, एकाला तरी सांगा. साऱ्या गावाला नको. विश्वासाचे एकच माणूस निवडा. बहीण, मेहुणा, जुना सोबती, नाहीतर केंद्रातल्या समुपदेशक. गुपित एकट्याने वाहिले की ते दुप्पट जड होते.

दुसरी गोष्ट, बरे वाटायची वाट बघत बसू नका. शेतात आपण वाफसा आल्यावर पेरतो. मनाचे उलटे आहे. तिथे आधी पेरायचे, वाफसा मागून येतो. रोज एक छोटे काम ठरवा आणि मन नाही म्हणाले तरी करा. विहिरीपर्यंत चालत जाणे, चार रोपांना पाणी घालणे, पारावर दहा मिनिटे बसणे. कामे ठरवून, चढत्या क्रमाने करायची ही पद्धत औषधासारखी काम करते. ‘संगत’ ही १९९६ पासून गोव्यात काम करणारी संस्था. डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी ही पद्धत शिकवली तरी गुण येतो, हे तिने गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासून दाखवले आहे.

तिसरी गोष्ट दारूची. दोन घोट घेतल्यावर झोप लागते खरी, पण पहाटे मन आणखी खोल जाते आणि गोळी हमखास चुकते.

चौथी, मनाच्या औषधाला घाबरू नका. डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी दिली तर ती एआरटीबरोबर घेता येते, फक्त दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्ही औषधे दाखवा. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून सोडू नका आणि बरे वाटले म्हणून एकदम तोडूही नका. ती झोपेची गोळी नव्हे आणि तिची सवयही लागत नाही.

पाचवी, मरणाचे विचार येत असतील तर आजच बोला. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते. एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७ आहे. फोनवर नाव सांगायलाच पाहिजे असे नाही.

घरच्यांसाठी दोन शब्द. ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोंडलेला बाहेर पडतो. आणि फवारणीची औषधे घरात उघडी ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. जिवावर उठणारी घडी बरेचदा थोडा वेळच टिकते. त्या वेळात हाताशी विष नसले तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुढे जगतात. राहता राहिली पोलीस केसची भीती. मानसिक आरोग्य कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असे तो धरून चालतो, त्याला शिक्षा नाही तर उपचार द्या असे सांगतो. जुन्या दंडसंहितेतले ते ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत राहिलेलेच नाही. तेव्हा दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.

दुसऱ्या गावांनी काय केले?

कुणी म्हणेल, मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याला दोन, ते आमच्या वाडीवर कधी येणार? याचे उत्तर आपल्यासारख्याच शेतकरी मुलखांनी दिले आहे.

आफ्रिकेत युगांडा नावाचा देश आहे. त्याच्या दक्षिणेकडच्या मसाका आणि राकाई भागात एड्सने गावेच्या गावे ओस पडली होती. तिथे तीस गावांत एक प्रयोग झाला. २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही गावांत तिथल्याच माणसांनी आठवड्यातून एकदा दीड तासाची बैठक घ्यायची, असे सोळा आठवडे. तज्ज्ञ नाही, गोळी नाही. दुःख बोलायचे, एकमेकांचे ऐकायचे, वाट शोधायची. सुरुवातीला बैठकीतल्या शंभरातले शहाऐंशी जण नैराश्यात होते, शेवटी सहा-सात उरले. बैठका नसलेल्या गावांत निम्म्याहून जास्त तसेच राहिले.

झिंबाब्वेत तर आज्जीबाईंनी हे काम केले. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारे शहरात दवाखान्याच्या आवारात बाकडी टाकली आणि त्यावर प्रशिक्षण दिलेल्या वयस्क बाया बसवल्या. तिकडच्या शोना भाषेत नैराश्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘फार विचार करणे’ असा होतो. आपली म्हातारीही हेच म्हणते ना, ‘लई विचार करू नको बाबा’? २०१६ मध्ये या बाकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भाग घेतलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त एचआयव्ही बाधित होते. सहा महिन्यांनी, बाकड्यावर बसून बोललेल्यांपैकी सुमारे चौदा टक्क्यांत नैराश्य उरले. नेहमीचाच उपचार मिळालेल्यांत ते पन्नास टक्के होते.

आणि परदेश कशाला, आपल्या अमरावती जिल्ह्यातच तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. तो सगळ्याच शेतकऱ्यांसाठी होता. गावातल्याच लोकांना शिकवून त्यांनी घरोघर मनाच्या दुखण्यावर बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत घ्यायचे, नंतर सत्तावीस घ्यायला लागले. दुखणे तेच, माणसे तीच. फक्त कुणीतरी दार वाजवले.

आता आपले काम

सरपंच साहेब, हे तुमच्या हातातले आहे. त्यासाठी तिजोरी लागत नाही.

एक, गावात कुणाला हा आजार आहे याची यादी करू नका, विचारू नका, कुजबुज चालली तर ती तिथेच तोडा. मध्येमध्ये कुठल्या तरी गावात ‘लग्नाआधी तपासणी सक्तीची’ असा ठराव करायची टूम निघते. हेतू चांगला असेल, पण संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि सक्तीला घाबरून माणसे तपासणीलाच जात नाहीत. ज्याला आपला आजार ठाऊक नाही त्याच्याकडूनच तो पसरतो.

दोन, आरोग्य उपकेंद्रात महिन्यातून एक दिवस बीपी, साखर आणि मन असे एकत्र तपासायला सांगा. रांग एकच असू द्या. मनासाठी वेगळी रांग लावली की त्या रांगेत कुणी उभे राहत नाही. आशाताईंनी प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारायचे: दोन आठवड्यांत मन उदास राहिले का? आवडीच्या कामात रस वाटेनासा झाला का? उत्तर हो आले तर पुढे डॉक्टरांकडे पाठवायचे.

तीन, सवलती गुपचूप मिळतील असे बघा. एचआयव्ही बाधितांना एसटीत प्रवास सवलत आहे, पण ओळखीच्या कंडक्टरपुढे कार्ड काढायचे कसे, म्हणून कितीतरी जण पूर्ण तिकीट काढतात. संजय गांधी निराधार योजनेत या आजाराचा समावेश आहे, पण अर्ज चावडीवर मोठ्याने वाचला तर अनुदान नको, इज्जत राहू दे, असे माणूस म्हणणारच. ग्रामसेवक आणि तलाठी यांची सरकारी नावे २०२४ मध्ये बदलली, तरी गाव त्यांना त्याच नावाने हाक मारते, आणि गावाची कागदे त्यांच्याच हातून जातात. कागद बंद पाकिटात ठेवण्याला पैसे पडत नाहीत.

चार, विधवेचे. नवरा या आजाराने गेला की सासरचे तिलाच दोष देतात आणि माहेरी घालवतात. तीच बाई गोळ्या चालू असताना सर्वात जास्त खचते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या मालमत्तेत तिचा मुलांच्या बरोबरीने हिस्सा आहे. सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचे नाव वेळेत लागले, तर तो कागद तिला समुपदेशनाइतकाच आधार देतो.

शेवटी कायदा. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. नोकरी, शाळा, दवाखाना, घर, मालमत्ता, कुठेही या आजारावरून भेदभाव करता येत नाही. कामाच्या नात्याने विश्वासाने कळलेली माहिती संमतीशिवाय फोडली तर एक लाखापर्यंत दंड आहे. बाधितांविरुद्ध द्वेष पसरवला तर तीन महिने ते दोन वर्षे कैद किंवा दंड, अथवा दोन्ही. पण मंडळी, कायद्याच्या धाकाने कुणी कुणाच्या घरी चहा पीत नाही. तो आपणहून प्यावा लागतो.

२०२३ च्या सरकारी अंदाजाने देशात पंचवीस लाखांहून अधिक लोक एचआयव्हीसह जगत आहेत, आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वात मोठा आहे. म्हणजे तुमच्या पंचक्रोशीत असा कुणीतरी आहेच. तो कोण हे तुम्हाला कळायची गरज नाही. गरज एवढीच आहे की तो पारावरून जाताना तुम्ही ‘राम राम’ नेहमीसारखा करावा, हळदी-कुंकवाला तिला वगळू नये, भाकरीच्या टोपल्यात त्याचाही हात जावा. गोळीचे काम सरकार करते आहे. हे मात्र सरकारला जमणार नाही. ते गावानेच करायचे आहे.